वाचक विचारतात : पेट्रोलच्या गाडीला एलपीजी किट बसवावे का?

वाहनखर्चाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावरची, म्हणजे पेट्रोलची गाडी गॅसवर चालवण्याविषयीची होती. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांतील मजकूर आवश्यक तेथे संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची, १२०० सीसीची पेट्रोल गाडी आहे. नोकरीनिमित्त फोंडा ते पणजी असा रोजचा प्रवास असतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याने ३५ हजार रुपयांत एलपीजी किट बसवून देतो आणि वर्षभरात पैसे वसूल होतील, असे सांगितले. हा व्यवहार करावा का? गाडीचा पिकअप मरतो, असेही काही जण म्हणतात.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : गॅरेजवाल्याने आपल्याला दोन इंधनांच्या दरांतील फरक सांगितला असणार, ॲव्हरेजमधील फरक बहुधा सांगितला नसावा. एक लिटर द्रवरूप एलपीजी जाळून मिळणारी उष्णता ही एक लिटर पेट्रोलच्या उष्णतेच्या साधारण तीन चतुर्थांश भरते, कारण एलपीजी हे वजनाला बरेच हलके इंधन आहे. त्यामुळे पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर १२ किलोमीटरच्या आसपास येते. यात किटचा किंवा मेकॅनिकचा दोष नसतो.

हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये आणि ऑटो एलपीजी ६५ रुपये लिटर धरू. प्रत्यक्षातील दर आपण त्या दिवशीचे घालावेत. पेट्रोलवर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ६७ पैसे पडतात, गॅसवर ५ रुपये ४२ पैसे. म्हणजे बचत सव्वा रुपयाची. ३५ हजार रुपये सव्वा रुपयाने वसूल व्हायला २८ हजार किलोमीटर धावावे लागेल. फोंडा ते पणजी जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या आसपास धरले आणि महिन्याचे २५ दिवस मोजले, तर महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात आणि पैसे वसूल व्हायला दीड वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो. शिवाय गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते आणि इंजिन तापेपर्यंतचे पहिले एक-दोन किलोमीटर पेट्रोलवरच जातात, हे या आकड्यात धरलेले नाही.

आता जो भाग बहुतेक जण विसरतात तो पाहू. पेट्रोल पंपांच्या मानाने ऑटो एलपीजीचे पंप फारच कमी आहेत. समजा, आपण स्टेपनीच्या जागी बसणारी ३५ लिटरची गोल टाकी घेतली. तिच्यात नियमानुसार ८० टक्के, म्हणजे २८ लिटर गॅस मावतो आणि त्यावर गाडी ३३६ किलोमीटर जाते. पंप आपल्या रोजच्या वाटेवर असेल, तर एका टाकीमागे ४२० रुपये वाचतात. तोच पंप वाटेपासून दहा किलोमीटर आत असेल, तर दर भरण्यामागे वीस किलोमीटर फुकट धावावे लागते आणि ती बचत २८७ रुपयांवर येते. बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पंप गाठण्यातच गेला. रांगेतला वेळ वेगळाच. म्हणून किटवाल्याकडे जाण्यापूर्वी पंपावर जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तेथे काम करणाऱ्या माणसाला गॅस किती वेळा संपतो आणि टँकर यायला किती दिवस लागतात, एवढेच विचारावे. वाटेवर खात्रीचा पंप असेल, तर आपल्यासारख्या रोज साठ किलोमीटर धावणाऱ्या माणसाला हा व्यवहार परवडतो. आठवड्यातून एकदा बाजाराला आणि चतुर्थीला गावी जाण्यापुरती गाडी काढणाऱ्याने या फंदात पडू नये.

आपली गाडी २०१४ सालची आहे, हेही लक्षात घ्यावे. २०२९ साली तिची १५ वर्षांची नोंदणी संपेल आणि पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करून घ्यावी लागेल. तोवर गाडी ठेवण्याचा विचार नसेल, तर किटवर घातलेला पैसा विकताना परत मिळेल अशी आशा धरू नये. गिऱ्हाईक किट पाहून किंमत वाढवण्याऐवजी बहुधा घासाघीसच करते.

पिकअपविषयीची तक्रार काही अंशी खरी आहे. वायुरूप गॅस इंजिनात हवेची काही जागा व्यापतो, त्यामुळे शक्ती साधारण पाच ते दहा टक्क्यांनी घटते. पणजीच्या रहदारीत ते जाणवणारही नाही. चार माणसे आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना मात्र एक गिअर खाली उतरावे लागेल. अशा वेळी बटण दाबून पेट्रोलवर यावे, त्यात कमीपणा नाही. एलपीजीचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असल्याने इंजिनात ठोके पडत नाहीत, ही गोष्ट मेकॅनिक हमखास सांगतात आणि ती खरीही आहे, परंतु पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनाला त्या जादा ऑक्टेनचा पुरता फायदा उठवता येत नाही.

किट घ्यायचेच असेल तर सीक्वेन्शियल घ्यावे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना हवेच्या वाटेत मिक्सर बसवून गॅस सोडत असत. आपल्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आहे. सीक्वेन्शियल किटमध्ये गॅसचेही तसेच स्वतंत्र इंजेक्टर असतात आणि गाडीच्या मूळ ईसीयूकडून (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडून) येणारा इशारा घेऊनच ते उघडतात. मिक्सरचे किट काही हजारांनी स्वस्त पडते, पण त्यात इंजिनाने उलटा भडका घेऊन एअर फिल्टरचा डबा फुटण्याचे प्रकार होतात, आणि मग वाचवलेले हजार तेथेच जातात.

प्रश्न : माझे म्हापशात किराणा मालाचे दुकान आहे आणि माल आणायला एक जुनी व्हॅन आहे. तिला पूर्वीच्या मालकाने बसवलेले एलपीजी किट आहे. पंप लांब पडतो म्हणून घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणारा एक जण भेटला आहे. गॅस तोच, मग हरकत काय?
– एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : हरकत पुष्कळ आहे, आणि ती केवळ कायद्याची नाही. कायद्याचे आधी सांगतो. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ या कायद्याखाली केंद्र सरकारने २००० साली एलपीजीच्या पुरवठ्याविषयी आदेश काढला. घरगुती सिलिंडरमधील गॅस वाहनासाठी वापरणे त्या आदेशानुसार गुन्हा ठरते. स्वयंपाकाच्या गॅसवर सरकार ज्यासाठी सवलत देते, त्या कारणाबाहेर तो वळवणे हा त्यामागचा मुद्दा आहे.

गॅस तोच, हे म्हणणेही पुरते खरे नाही. दोन्ही प्रोपेन आणि ब्युटेन यांचीच मिश्रणे असली, तरी घरगुती गॅसचे आणि ऑटो एलपीजीचे भारतीय मानक वेगवेगळे आहे. घरगुती गॅसमधील जड, तेलकट अंश शेगडीत फारसा त्रास देत नाही; गाडीच्या रेड्यूसरमध्ये, म्हणजे द्रवरूप गॅसची वाफ करून तिचा दाब कमी करणाऱ्या भागात, तो पडद्यांवर चिकटून बसतो आणि काही महिन्यांत गाडी आयडलिंगला गचके खाऊ लागते.

खरा धोका भरण्याच्या पद्धतीत आहे. पंपावरची नळी गाडीच्या तोंडाशी घट्ट बसते, तिला अर्थिंग असते, ती काढताना जेमतेम चमचाभर गॅस सुटतो. हे लोक मात्र एखाद्या शेडमध्ये १४.२ किलोचा सिलिंडर उलटा टांगतात, रबरी नळी क्लिपने आवळतात आणि लहानशा मोटरने गॅस ओढतात. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाऊन खोलगट जागी साचते आणि त्याच मोटरची ठिणगी तिला पुरते. देशात ‘व्हॅनचा स्फोट’ म्हणून छापून येणाऱ्या अनेक बातम्यांच्या मुळाशी हीच शेड असते. त्या माणसाला नकार द्यावा. पंप परवडत नसेल, तर व्हॅन पेट्रोलवर चालवावी.

प्रश्न : किट बसवल्यावर वाहतूक खात्यात आणि विमा कंपनीत काय काय करावे लागते? आमच्या ओळखीच्या एकाने काहीच केले नाही आणि तीन वर्षे झाली, काही बिघडले नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या ओळखीच्या गृहस्थांचे काही बिघडले नाही, कारण त्यांना अपघात झालेला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात करावयाच्या बदलांची तरतूद असून, वेगळ्या इंधनासाठी इंजिनात केलेला बदलही त्यातच मोडतो. बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/एलपीजी’ अशी नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी किटच्या मान्यतेची प्रत, टाकीचे प्रमाणपत्र, बसवणाऱ्या अधिकृत कार्यशाळेचा दाखला आणि गाडी कर्जावर असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र लागते, आणि निरीक्षकाला गाडी दाखवावी लागते.

किटच्या मान्यतेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण फसवणूक येथेच होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे किटला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. ही मान्यता सरसकट सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. ती कोणत्या गाड्यांना किंवा इंजिनाच्या किती क्षमतेपर्यंत चालते, ते कागदावर लिहिलेले असते आणि तिला मुदतही असते. ‘आमचे किट मान्यताप्राप्त आहे’ असे सांगून ८०० सीसीसाठीचा कागद १२०० सीसीच्या मालकाच्या हातात देणारे विक्रेते असतात. आपल्या गाडीचे मॉडेल आणि बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे मानक) टप्पा त्या कागदात आहे का, हे स्वतः वाचावे. बीएस-६ गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची परवानगी २०२२ साली आली, तीही साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांपुरती. त्याआधीच्या मान्यतेचा कागद नव्या गाडीला चालत नाही. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल, तर किट बसवल्यावर इंजिनाविषयीचे दावे कंपनी नाकारू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

टाकीची गोष्ट वेगळी. ती दाबाखालील वायूचे पात्र असल्याने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येते. टाकीवर कोरलेली किंवा जडवलेली एक पट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. दर पाच वर्षांनी टाकीची पुन्हा चाचणी करून घ्यावी लागते.

विम्याचे काम तुलनेने सोपे आणि स्वस्त आहे. पॉलिसीत ‘बाय-फ्युएल किट’ अशी स्वतंत्र ओळ घालून मिळते. प्रचलित दरांप्रमाणे किटच्या किमतीच्या चार टक्के आणि तृतीय पक्ष दायित्वासाठी साठ रुपये असा जादा हप्ता पडतो. ३५ हजारांच्या किटला ही रक्कम वर्षाला दीड हजारांच्या आसपास जाते. एवढ्यासाठी किट लपवून ठेवणे, आणि गाडी जळाल्यावर कंपनीच्या सर्व्हेअरने काळवंडलेल्या टाकीकडे बोट दाखवणे, हा सौदा आम्हाला तरी महागाचा वाटतो. पासिंगच्या दिवशी टाकी उतरवून ठेवायची आणि नंतर पुन्हा चढवायची, असा सल्ला देणाऱ्या एजंटांपासूनही दूर राहावे. दर वेळी सांधे सैल-घट्ट करण्यानेच गळतीला वाट मिळते.

प्रश्न : घरातील मंडळी डिकीत गॅसची टाकी ठेवायला घाबरतात. आमची इमारत वास्कोत असून गाड्या तळघरात लागतात. भीती कितपत खरी आहे?
– एक वाचक, वास्को

उत्तर : टाकीची भीती कमी बाळगावी, सांध्यांची थोडी अधिक बाळगावी. टाकीचा पत्रा गाडीच्या पेट्रोलच्या टाकीपेक्षा कितीतरी जाड असतो आणि आतला दाब आपल्याकडच्या हवामानात साधारण पाच ते दहा बार असतो. सीएनजीच्या टाकीत तो २०० बारपर्यंत असतो. टाकीच्या तोंडावरचा मल्टिव्हॉल्व्ह एकटाच चार कामे करतो. टाकी ८० टक्के भरली की तो आत येणारा गॅस थांबवतो, कारण उन्हाने द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. दाब मर्यादेपलीकडे गेला तर तो वाफ बाहेर सोडतो. नळी तुटून गॅस जोराने वाहू लागला तर प्रवाह बंद करतो, आणि इंजिन बंद झाले की विद्युत झडप आपोआप मिटवतो. या व्हॉल्व्हवर हवाबंद झाकण असते आणि त्यातून निघणारी नळी गाडीच्या तळातून बाहेर उघडते, म्हणजे थेंबभर गळती झाली तरी ती डिकीत साचत नाही. काही फिटर घाईत ही नळी जोडतच नाहीत. डिकी उघडून झाकणापासून खालपर्यंत ती हाताने चाचपून पाहावी.

तळघराचा मुद्दा मात्र खरा आहे. वर सांगितल्याप्रमाणे ही वाफ खाली साचते, आणि तळघराहून खाली दुसरे काय असते? सोसायटीशी बोलून गाडी उघड्यावर किंवा स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेत) लावता आली तर उत्तम. तळघरात लावावीच लागत असेल, तर टाकीवरची हातझडप रात्री बंद करावी. वास आला तर गाडी सुरू करू नये, दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे आणि डिकी उघडून बाजूला व्हावे. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावून घ्यावे आणि आपण स्वतः जवळ उभे राहावे. बुडबुडा मोठा असेलच असे नाही, कधी कधी नटाच्या कडेला मोहरीएवढे फुगे एकामागून एक येत राहतात. वास्कोसारख्या खाऱ्या हवेच्या गावी गाडीखालून जाणाऱ्या नळीचे क्लॅम्प आणि टाकीचे पट्टे गंजतात, म्हणून पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर चढवून तेवढे जरूर पाहावे.

प्रश्न : माझी गाडी गॅसवर छान चालते, परंतु पावसाळ्यात सकाळी पेट्रोलवरून गॅसवर जाताना बंद पडते. मेकॅनिक दर वेळी ट्यूनिंगचे पैसे घेतो आणि आठ दिवसांत पुन्हा तेच.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ट्यूनिंगच्या आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, तपासावे. द्रवरूप गॅसची वाफ होताना तो उष्णता शोषतो, आणि ती उष्णता रेड्यूसरला इंजिनाच्या गरम कूलंटमधून मिळते. कूलंट कमी असेल किंवा त्याच्या नळीत हवा अडकली असेल, तर रेड्यूसर थंडच राहतो आणि इंजिनाला वाफेऐवजी अर्धवट द्रव मिळतो. गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडून रेड्यूसरला सावधपणे हात लावावा. तो गार असेल किंवा त्याच्यावर दव जमलेले असेल, तर निदान झाले. इंजिन पुरेसे तापण्याआधीच गॅसवर जाण्याची वेळ किटमध्ये लावून ठेवली असेल, तर ते तापमान लॅपटॉप जोडून थोडे वाढवून घेता येते.

रेड्यूसर गरम असूनही तक्रार राहिली, तर गॅस फिल्टर बदलावा आणि प्लग पाहावेत. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. झिजलेले प्लग आणि ओलाव्याने गळणाऱ्या हाय टेन्शन वायरी पेट्रोलवर चालून जातात आणि गॅसवर उघड्या पडतात. पावसाळ्यातच त्रास होतो, या आपल्या माहितीवरून आम्हाला वायरींचा संशय अधिक येतो.

आणखी एक सवय लावून घ्यावी. गॅस आहे म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकी पेट्रोल ठेवून आठवड्यातून काही किलोमीटर त्यावर गाडी चालवावी, म्हणजे पेट्रोलचे इंजेक्टरही चोंदत नाहीत.

प्रश्न : सावंतवाडीकडची एक जुनी गाडी घ्यायची आहे. मालक म्हणतात, किट फुकट समजा. आरसीवर नुसते ‘पेट्रोल’ आहे.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : मालकाने आधी महाराष्ट्रात आरसीवर गॅसची नोंद करून द्यावी किंवा किट उतरवून गाडी द्यावी, असे सांगावे. नोंद नसलेले किट घेऊन गाडी गोव्यात नोंदणीसाठी नेली, तर तपासणीच्या वेळी ती जबाबदारी आपल्या गळ्यात पडेल. टाकीच्या पट्टीवरची चाचणीची तारीख पाच वर्षांहून जुनी असेल, तर ती टाकी फुकटातही घेऊ नये.

प्रश्न : एलपीजी घ्यावे की सीएनजी?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : नवी गाडी घेत असाल तर कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली गाडी घ्यावी. २००६ च्या सुमारास वॅगन आर ड्युओसारख्या कारखान्यातून एलपीजी बसवून येणाऱ्या गाड्या बाजारात होत्या; पुढे कंपन्या सीएनजीकडे वळल्या. गोव्यातही आता सीएनजीचे पंप सुरू झाले आहेत. हातातल्या जुन्या गाडीला बाहेरून किट बसवायचे असेल, तर एलपीजीची टाकी हलकी असते, स्टेपनीच्या खाचेत बसते आणि डिकी मोकळी राहते. सीएनजीचे जड नळकांडे निम्मी डिकी खाते आणि त्याच्या वजनाने मागची स्प्रिंग दबते. दोन्हींपैकी ज्याचा पंप पर्वरीहून आपल्या रोजच्या वाटेवर पडतो, ते घ्यावे. दोन्हींचे पंप वाटेवर नसतील, तर पेट्रोलवरच राहावे.